दारापासून खुर्चीपर्यंत: फ्रूम गावाचा प्रकरण अभ्यास

गेल्या पावसाळ्यात आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलपर्यंत एक काका तीनदा आले आणि तिन्ही वेळा दारातूनच परत फिरले. मला हे वॉचमनने सांगितलं. ‘येतात, बाहेरच्या चपला बघतात, आतलं बोलणं-हसणं ऐकत जरा वेळ उभे राहतात आणि छत्री उघडून निघून जातात,’ असं तो म्हणाला. दारावर आमचा बोर्ड आहे: ‘सर्वांचे स्वागत’. आत कॅरम आहे, वर्तमानपत्रं आहेत, मंगळवारी भजन असतं, शुक्रवारी कुणाचं तरी व्याख्यान. रिकाम्या खुर्च्याही असतात. काकांची पत्नी वर्षभरापूर्वी गेली होती. त्यांचं घर हॉलपासून चालत सात मिनिटांवर. एवढं अंतर ते चालून येत होते, पण शेवटची दहा पावलं काही केल्या पडत नव्हती.

संघाची चिटणीस म्हणून मी तोवर एकच प्रश्न विचारत आले होते: अजून कोणता कार्यक्रम ठेवला म्हणजे लोक येतील? प्रश्नच चुकला होता, हे मला इंग्लंडमधल्या फ्रूम या गावाची हकीकत वाचताना कळलं. त्या गावाने काय केलं, त्यातलं काय सिद्ध झालं, काय झालं नाही आणि आपल्याकडे त्यातलं काय चालेल, हे इथे सविस्तर मांडते आहे.

गाव आणि दवाखाना

फ्रूम हे इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातलं, सॉमरसेट परगण्यातलं गाव. नाव लिहिलेलं पाहिलं तर कुणीही ‘फ्रोम’ वाचेल, पण तिथले लोक फ्रूम म्हणतात. वस्ती अठ्ठावीस हजारांच्या आसपास. एकेकाळी लोकरी कापडाच्या धंद्यावर भरभराटलेलं हे बाजाराचं गाव. आकाराने आपल्याकडचं तालुक्याचं ठिकाण डोळ्यांसमोर आणावं.

ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत प्रत्येक माणसाचं नाव एखाद्या जीपीकडे नोंदलेलं असतं. जीपी म्हणजे आपल्याकडचे जुने फॅमिली डॉक्टर. दुखणं कोणतंही असो, पहिली पायरी तीच. फ्रूममध्ये जवळजवळ सगळं गाव एकाच मोठ्या दवाखान्याकडे नोंदलेलं आहे. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिच्यावर बरंच काही अवलंबून आहे.

तिथल्या डॉक्टर हेलन किंग्स्टन यांना एक गोष्ट सलत होती. तेच ते रुग्ण पुन्हा पुन्हा येत. गुडघे, साखर, दम, झोप. प्रत्येक तक्रारीला गोळी होती, तपासणी होती, पुढच्या तज्ज्ञाकडे द्यायची चिठ्ठी होती. पण माणूस दर खेपेला आणखी खचलेला दिसे. आपण माणसाकडे पाहतच नाही, नुसती लक्षणांची मोळी बांधतो, असं त्यांना वाटू लागलं. दवाखान्यातले सहकारीही त्याच चक्रात दमत चालले होते. जीपीला एका रुग्णामागे साधारण दहा मिनिटं मिळतात. नवरा गेल्यापासून एकटीसाठी कुकर लावावासा वाटत नाही म्हणून चहा-बिस्किटांवर दिवस काढणाऱ्या बाईची साखर त्या दहा मिनिटांत, गोळीची मात्रा वाढवून, आटोक्यात कशी येणार? हे उदाहरण माझ्या गल्लीतलं आहे, पण फ्रूममध्येही प्रश्न हाच होता.

एकटेपणाचा शरीराशी संबंध आहे का, अशी शंका कुणी काढू नये म्हणून एक आकडा सांगते. २०१० मध्ये ज्युलिआन होल्ट-लुनस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी झालेले १४८ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांत तीन लाखांहून जास्त माणसं होती. ज्यांचे इतरांशी संबंध भक्कम, त्यांची त्या अभ्यासांच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त आढळली. सिगारेट सोडण्याने होणाऱ्या फायद्याच्या तोडीचा हा परिणाम आहे.

काय केलं

२०१३ मध्ये डॉ. किंग्स्टन यांचा दवाखाना, हेल्थ कनेक्शन्स मेंडिप ही आरोग्यसेवेशी जोडलेली स्थानिक टीम आणि गावची नगर परिषद यांनी मिळून काम सुरू केलं. नाव पडलं ‘कंपॅशनेट फ्रूम’. मेंडिपच्या कामाची धुरा जेनी हार्टनॉल यांच्याकडे होती. या दवाखान्याच्या कामाची वैद्यकीय मांडणी करण्यात डॉ. ज्युलियन एबल यांचा मोठा वाटा आहे. ते मूळचे अखेरच्या आजारातल्या रुग्णांची काळजी घेणारे डॉक्टर. त्यांच्या क्षेत्रात एक विचार बराच आधीपासून रुजलेला होता: आजारी माणसाचा बहुतेक वेळ डॉक्टरांबरोबर जात नाही, तो शेजारी-नातेवाइकांत जातो, तेव्हा शेजाऱ्यांनाच तयार केलं पाहिजे. याच विचाराने आपल्या केरळात २००१ पासून शेजारपाजारची साधी माणसं अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊ लागली. फ्रूमचं वेगळेपण असं, की त्यांनी अखेरच्या आजारापर्यंत थांबायचं नाही असं ठरवलं.

पहिलं काम अगदी कोरडं वाटावं असं होतं. त्यांनी यादी केली. गावात आणि आसपास लोक कुठे कुठे जमतात? गाणाऱ्यांचा गट, दुपारच्या जेवणाचा गट, व्यायामाचा वर्ग, लिहिणाऱ्यांची बैठक, पक्षाघातातून उठलेल्यांचा गट, कर्ज आणि घरभाड्याबाबत सल्ला देणारी कार्यालयं. यादी झाल्यावर दोन गोष्टी समोर आल्या. गावात आधीपासून पुष्कळ काही चालू होतं आणि त्याचा पत्ता डॉक्टरांनाही नव्हता, गरजूंनाही नव्हता. शिवाय मधल्या रिकाम्या जागा दिसल्या. जिथे काहीच नव्हतं तिथेच नवा गट उभा करायचा, असं ठरलं. आपण उलटं करतो. उद्घाटन आधी आणि शेजारच्या वॉर्डात तेच चालू असल्याचा शोध नंतर.

मग आली माणसं, दोन प्रकारची. ‘हेल्थ कनेक्टर’ पगारी. ते रुग्णाशी निवांत बसून बोलतात. डॉक्टर विचारतो, तुम्हाला काय होतंय? हे विचारतात, तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं काय आहे? उत्तरं भलतीच निघतात. माणूस दुखण्याबद्दल बोलेल असं धरून बसावं, तर तो जिना, वीजबिल किंवा कुत्र्याला फिरवायला कुणी नसणं यावर येतो. त्याच बैठकीत त्या माणसाच्या भोवती कोण कोण आहे याचा नकाशाही काढतात: रोजचं कोण, आठवड्याचं कोण, हाक मारली तर येईल असं कोण. आपल्याला कुणी नाही म्हणणाऱ्याच्या कागदावरही बहुतेक वेळा दोन-तीन नावं उमटतात. त्या नावांकडे मदत मागायची सवय मोडलेली असते, एवढंच. मागणं म्हणजे ओझं होणं, ही भावना तिथल्या म्हाताऱ्यांतही आपल्याइतकीच घट्ट आहे.

दुसरे ‘कम्युनिटी कनेक्टर’, हे स्वयंसेवक. आधी शेकड्यांनी, पुढे हजारावर लोक असे तयार झाले. त्यांचं प्रशिक्षण थोडक्या वेळाचं. समुपदेशक व्हायचं नाही, कुणाचा संसार सुधारायचा नाही. यादी कुठे मिळते आणि कुणाकडे बोट दाखवायचं, एवढं माहीत हवं. त्यांत टॅक्सीवाले आहेत, केस कापणारे आहेत, दुकानदार आहेत, ज्यांच्याशी माणूस सहज बोलतो असे सगळे. खुर्चीत बसून केस कापून घेताना म्हातारा माणूस जे बोलतो, ते तो डॉक्टरकडे बोलत नाही. मला या साऱ्या कामातली सर्वांत हुशारीची गोष्ट हीच वाटते. एकटा पडलेला माणूस कुठल्याही केंद्रावर येत नाही, पण त्याला केस कापावे लागतात, औषध घ्यावं लागतं, कुठेतरी जाण्यासाठी गाडी बोलवावी लागते. तिथे कुणीतरी कान उघडे ठेवून असायला हवं.

यातच ‘टॉकिंग कॅफे’ नावाची साधी सोय आली. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी गावातल्या नेहमीच्या कॅफेत एक कनेक्टर बसलेला असतो. कुणीही यावं, चहा घ्यावा, गप्पा माराव्यात. नावनोंदणी नाही. मदत हवी म्हणून आलो आहे असं कबूल करावं लागत नाही, चहाला आलो म्हटलं की झालं. ‘एकाकी लोकांसाठी’ असा फलक लावून कुणी आत यायचं नाही, हे त्यांना बरोबर उमगलं होतं.

यादीत ‘मेन्स शेड’ही आहे. ही कल्पना ऑस्ट्रेलियातली, १९९० च्या दशकातली. निवृत्त पुरुषांना सुतारकामाची, दुरुस्तीची अवजारं असलेली एक शेड उपलब्ध करून द्यायची. पुरुष समोरासमोर बसून मन मोकळं करत नाहीत, शेजारी उभं राहून हाताने काही करताना बोलतात, या निरीक्षणावर ती चळवळ उभी आहे. आपल्या संघांत पुरुषांना व्याख्यानाला बसवलं जातं आणि स्त्रियांना भजनाला. हातात पाना किंवा करवत कुणी देत नाही.

हे सगळं चालू असताना दवाखान्यातही बदल झाले. ज्यांना जास्त आधार लागेल असे रुग्ण आधीच शोधायचे, रुग्णालयातून घरी आलेल्यांचा पाठपुरावा करायचा, अवघड रुग्णांबद्दल डॉक्टर, नर्स आणि कनेक्टर यांनी एकत्र बसून बोलायचं. निकाल वाचताना या भागाचा विसर पडू देऊ नये.

निकाल आणि त्यातल्या शंका

२०१८ मध्ये डॉ. एबल, डॉ. किंग्स्टन आणि सहकाऱ्यांचा निबंध ब्रिटिश जर्नल ऑफ जनरल प्रॅक्टिस या नियतकालिकात आला. काम सुरू झाल्यापासून २०१७ अखेरपर्यंत फ्रूममधल्या लोकांचं रुग्णालयात तातडीने भरती होण्याचं प्रमाण १४ टक्क्यांनी उतरलं होतं. त्याच काळात सगळ्या सॉमरसेटमध्ये ते २८.५ टक्क्यांनी चढलं. खर्चातही तसाच फरक पडला: फ्रूममध्ये सुमारे २१ टक्क्यांची घट, परगण्यात जवळपास तेवढीच वाढ.

आकडे बघून मी हरखले होते. दुसऱ्यांदा वाचताना मात्र चार गोष्टी बाजूला लिहून ठेवल्या.

हा चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेला प्रयोग नाही. एका गावाची परगण्याशी तुलना आहे, आणि गावं मुळातच वेगवेगळी असतात. दवाखान्यातले बदल आणि गावातले गट एकत्रच सुरू झाल्याने कशाचा वाटा किती, हे वेगळं काढता येत नाही. मोजलं ते भरतीचं प्रमाण आणि खर्च. एकटेपणा किती कमी झाला, हे हे आकडे सांगत नाहीत. आणि हे काम फक्त म्हाताऱ्यांसाठी नव्हतं. ते सगळ्या गावासाठी होतं. तातडीने भरती होणाऱ्यांत वृद्ध जास्त असतात म्हणून आपल्या विषयाशी त्याचा संबंध घट्ट आहे, इतकंच म्हणावं.

शिवाय गावाची म्हणून काही पुण्याई होती. सगळं गाव एका दवाखान्यात, त्यामुळे एक दार उघडलं की सगळ्यांपर्यंत पोहोचता येत होतं. नगर परिषदही निराळी होती. २०११ च्या निवडणुकीत पक्षांच्या बाहेरच्या स्थानिक लोकांच्या गटाने १७ पैकी १० जागा जिंकल्या आणि २०१५ मध्ये सगळ्या १७. अशा गावात ‘चला, करून बघू’ म्हणायला फार सभा घ्याव्या लागत नाहीत.

एवढं सगळं वजा करूनही माझ्यापुरती एक गोष्ट पक्की उरते. फ्रूमने माणसांसाठी नवे हॉल बांधले नाहीत. माणूस आणि हॉल यांच्या मधल्या दहा पावलांचं काम केलं, आणि ते काम कुणाच्या तरी नावावर टाकलं. पुढे इंग्लंडच्या आरोग्यसेवेने २०१९ च्या दीर्घकालीन आराखड्यात असे हजारावर जोडणारे कार्यकर्ते देशभर नेमायचं ठरवलं. त्याच्या आदल्या वर्षी, २०१८ च्या जानेवारीत, ब्रिटनने एकाकीपणाचा प्रश्न एका मंत्र्याकडे सोपवला होता. बातमी मंत्र्याची झाली. माझ्या मते काम केस कापणाऱ्यांनी आणि टॅक्सीवाल्यांनी केलं.

आपल्याकडे

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ९.९ टक्के लोक साठीच्या पुढचे होते, देशाच्या सरासरीपेक्षा जास्त. गावोगाव ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, बागांमध्ये कट्टे आहेत, हास्यक्लब तर १९९५ मध्ये मुंबईतल्याच एका बागेत जन्मला. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे. म्हणजे फ्रूमची यादी आपल्याकडे बरीचशी तयार आहे. नाही तो जोडणारा माणूस.

फॅमिली डॉक्टर शहरांत दुर्मीळ होत चालले आहेत, सगळं गाव एका दवाखान्यात हे तर शक्यच नाही. तेव्हा आपलं दार दुसरं शोधावं लागेल. मला दोन दिसतात. एक, गल्लीतलं औषधांचं दुकान. महिन्याच्या गोळ्या घ्यायला कोण येतं, कोण यायचं थांबलं, कोण गोळ्या घेतल्यावरही काउंटरपाशी उगाच रेंगाळतं, हे दुकानदाराला नेमकं ठाऊक असतं. दुसरं, नोव्हेंबर. निवृत्तिवेतन घेणारे हयातीचा दाखला द्यायला त्या महिन्यात बँकेत येतात. एरवी घराबाहेर न पडणारी माणसंही काठी टेकत, कागदपत्रांची प्लॅस्टिकची पिशवी छातीशी धरून रांगेत बसलेली असतात. आता दाखला पोस्टमनकडून घरबसल्याही देता येतो, म्हणजे पोस्टमन त्या घरात शिरतो. त्या रांगेत आणि त्या उंबऱ्यावर ‘आणखी काय चाललंय?’ असं विचारणारं कुणीतरी असावं, यासाठी कुठल्या मंत्रालयाची वाट बघायला नको.

आम्ही छोटं करून पाहिलं. औषधवाल्याशी बोललो. तो नाव परस्पर देत नाही, आधी त्या माणसाला विचारतो. ही अट त्यानेच घातली आणि ती योग्यच आहे, कारण एकट्या वृद्धाचा पत्ता ही आजच्या दिवसात जोखमीची गोष्ट आहे. घरी जाताना दोघांनी जायचं, संघाचं ओळखपत्र गळ्यात घालायचं, पैशाच्या व्यवहारात पडायचं नाही. आणि नव्या माणसासाठी नियम केला: पहिले तीन मंगळवार एका ठरलेल्या सभासदाने त्यांच्या घरी जाऊन त्यांना सोबत आणायचं, शेजारी बसायचं आणि परत सोडायचं.

छत्रीवाल्या काकांकडे आमचे एक जुने सभासद आणि मी, असे दोघं गेलो. त्यांनी चहा स्वतः केला, साखर किती घालायची ते त्यांना आठवेना, डबा उघडून विचारत राहिले. ‘अहो, या की एकदा,’ असं आमचे सभासद दोनदा म्हणाले. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘आत आलो की सगळे विचारणार, वहिनी कशा गेल्या? एकाला सांगून झालं की दुसरा. मला ते पहिल्यापासून पुन्हा पुन्हा सांगवत नाही.’

मी वर्षभर कार्यक्रम बदलत बसले होते, आणि अडचण ही होती.

पुढच्या मंगळवारी सभासद त्यांना घेऊन येण्याआधी मी हॉलमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलं: आज नवीन कुणी येणार आहेत, घरचं काही विचारायचं नाही. कुणी विचारलं नाही. काका दाराजवळच्या खुर्चीत बसले, भजनाच्या वेळी उठून वर्तमानपत्राच्या टेबलाशी गेले, आणि जाताना त्यांनी शब्दकोडं अर्धं सोडवून ठेवलेलं होतं. आता ते येतात. रोज नाही, पण येतात.

सगळीकडे असं जमलेलं नाही. एका बाईंनी दार उघडलं नाही, आतूनच ‘मी बरी आहे’ म्हणाल्या, आणि आम्ही तो शब्द मानून परत आलो. एका गृहस्थांना ऐकू येत नाही. हॉलच्या गोंगाटात त्यांना घरापेक्षा जास्त एकटं वाटतं, त्यांच्यासाठी हॉल हा उपायच नाही. आणि लिफ्ट नसलेल्या इमारतींतले लोक ही आमची सर्वांत मोठी अडचण आहे. आमच्या भागात चाळीस-पन्नास वर्षांच्या जुन्या सोसायट्या पुष्कळ आहेत. तरुणपणी हौसेने वरचा मजला घेतलेली माणसं आज त्याच मजल्यावर अडकून पडली आहेत. त्यांना आणणारा सोबती मिळाला तरी जिना तसाच राहतो.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजींसाठी आम्ही उलटं केलं. बुधवारी चारच्या सुमाराला दोघीजणी वर जातात. आजींकडे बसायला एकच खुर्ची होती, म्हणून पहिल्या वेळी हॉलमधल्या दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या वर नेल्या आणि निघताना परत खाली आणल्या. तिसऱ्या बुधवारी आजी म्हणाल्या, कशाला ने-आण करता, राहू देत इथेच. हॉलच्या सामानाच्या वहीत त्या दोन खुर्च्यांसमोर मी आता त्यांच्या घराचा नंबर लिहिला आहे.